मॅकगोनागल नाईट: जगातल्या सगळ्यात वाईट कवीची मैफल घरी कशी करायची

आधी पाहुण्याची ओळख. विल्यम मॅकगोनागल, स्कॉटलंडमधल्या डंडी गावचा हातमाग विणकर. पन्नाशी उलटली तरी कवितेच्या वाटेला गेला नव्हता, १८७७ साली त्याला एकदम साक्षात्कार झाला की आपण कवी आहोत, आणि तिथून १९०२ साली मरेपर्यंत त्याने दोनशेच्या आसपास कविता लिहिल्या. त्या इतक्या वाईट आहेत की त्याच्याहून कितीतरी बऱ्या कवींची नावं आज कोणाला सांगता येणार नाहीत पण हा मात्र अजून छापला जातो, वाचला जातो. हॅरी पॉटरमधल्या प्रोफेसर मॅकगोनागल बाईंचं आडनाव ह्याच्यावरूनच आलंय, लेखिकेनेच तसं सांगितलंय. म्हणजे नाव तुमच्या कानावर आहे, माणूस माहीत नाही एवढंच.

आता ह्याच्या कविता एकट्याने मोबाईलवर वाचून काही मजा येत नाही. एक वाचतो, दुसरी वाचतो, तिसरीला आपण स्क्रोल करायला लागतो. ह्या चार लोकांसमोर उभं राहून मोठ्याने वाचायच्या कविता आहेत, तो स्वतः तसाच वाचायचा, हायलँडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला पोशाख घालून, कधी हातात तलवार घेऊन. तर घरच्या घरी मैफल कशी करायची ते लिहितोय. आठ-दहा माणसं, दीड तास, सहा कविता. सातवी घ्यायचा मोह होतो, घेऊ नका, लोक घड्याळ बघायला लागतात.

ओळख करून देताना तोंड आवरा

सगळ्यात मोठी चूक हीच होते, निमंत्रणातच लिहितात "या, जगातल्या सगळ्यात वाईट कवीवर हसूया". झालं, संपलं. लोक हसायची तयारी करूनच येतात, पहिल्या ओळीला खोटं खोटं हसतात आणि तिसऱ्या कवितेला जांभया देतात. त्यापेक्षा "एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश कवी, त्याच्या काही कविता वाचू" एवढंच सांगा, ते खोटंही नाही. मग बघा, पहिल्या कवितेला लोक अदबीने ऐकतात, दुसऱ्या कडव्याला एकमेकांकडे बघायला लागतात, हे खरंच असं लिहिलंय का की मलाच इंग्लिश कळत नाहीये, आणि मग कोणीतरी एक जण फुटतो. तो फुटण्याचा क्षण फुकट घालवायचा नाही.

आणि वाचणाऱ्याने हसायचं नाही. अजिबात नाही, डोळा मारायचा नाही, आवाज वेडावाकडा करायचा नाही. मॅकगोनागल गंमत म्हणून लिहीत नव्हता. तो स्वतःला शेक्सपियरच्या रांगेतला समजायचा आणि प्रत्येक ओळ जीव ओतून लिहायचा. तुम्ही तितक्याच गांभीर्याने वाचलं तरच ती ओळ उभी राहते. विनोदी कविता म्हणून वाचली तर ती फक्त वाईट कविता उरते, आणि वाईट कविता ऐकायला कोणाला घरी बोलवायची गरज नाही, कुठल्याही गावच्या कविसंमेलनात दुपारच्या सत्रात जाऊन बसलं तरी काम होतं.

ओळ वाचायची कशी

वृत्त नाही, छंद नाही, मात्रांचा हिशोब नाही. एक ओळ पाच शब्दांची, पुढची वीस शब्दांची. फक्त शेवटी ट ला ट जुळलं पाहिजे एवढा एकच नियम त्याने आयुष्यभर पाळला, आणि तो पाळण्यासाठी वाटेत जे आडवं आलं ते तुडवलं, व्याकरणसुद्धा. त्यामुळे वाचताना चाल लावायचा प्रयत्न केलात की तोंडावर आपटणार. लांब ओळ आली की सुटलेली लोकल पकडायला धावतो तसं सगळे शब्द एका दमात पळवायचे आणि यमकाचा दांडा हातात आला की मग थांबायचं, जोर त्या शेवटच्या शब्दावर. श्वास ओळीच्या मध्ये घेतलात तर गेली गाडी.

त्याची सगळ्यात गाजलेली सुरुवात घ्या, मोठ्याने म्हणून बघा: "ब्यूटिफुल रेल्वे ब्रिज ऑफ द सिल्व्हरी टे! अलास! आय ॲम व्हेरी सॉरी टु से". टे ही नदी. टे, से, पुढे अवे. मग एकदम १८७९ सालची तारीख येते आणि तिच्याशी यमक जुळवायला "व्हेरी लाँग टाइम". नाइन आणि टाइम. आता हे जुळतं का? नाही जुळत. पण तुम्ही जुळतंय असं समजून म्हणायचं.

घरात सगळ्यांचं इंग्लिश तेवढं नसेल तर मराठीतला मजकूर आधी वाचा, नंतर मूळ. मराठी करताना एकच पथ्य, सुधारायचं नाही. आपल्याला सवय असते, हात आपोआप जरा बरा शब्द टाकतो, तो काढून टाका. वरचीच सुरुवात मी अशी करतो:

रुपेरी टे नदीवरच्या सुंदर रेल्वे पुला,
अरेरे, सांगताना फारच वाईट वाटतंय मला,
की नव्वद जणांचा जीव गेला
१८७९ सालच्या शेवटच्या रविवारला,
आणि तो दिवस फार वर्षं आठवत राहील सगळ्यांला.

रविवारला, सगळ्यांला. हे कानाला बोचलं पाहिजे, मूळ इंग्लिश त्यांच्या कानाला असंच बोचतं.

क्रम: त्याच्या आयुष्याप्रमाणे लावा

कविता सुट्या वाचल्या तर दहा मिनिटांत सगळ्या सारख्या वाटायला लागतात. मध्ये मध्ये माणसाची गोष्ट सांगत गेलात तर दीड तास कमी पडतो, कारण खरं सांगायचं तर ह्या माणसाचं आयुष्य त्याच्या कवितांपेक्षा फार बरं लिहिलेलं आहे.

सुरुवात मॅकबेथपासून करा. कवी होण्याआधी ह्याला नाटकाचं वेड होतं. डंडीतल्या एका थिएटरवाल्याने त्याला मॅकबेथ करू दिला पण अट घातली, पैसे आधी तूच भर. बरोबरच्या विणकरांनी वर्गणी काढली, आणि थिएटर भरलं, म्हणजे आपला विल्यम काय दिवे लावतो ते बघायला सगळे आले. शेवटी मॅकडफच्या तलवारीने मॅकबेथ मरतो, शेक्सपियरने तसं लिहिलंय, पण मॅकगोनागलला वाटलं की मॅकडफ करणारा नट आपल्यावर जळतोय, म्हणून हा मरेचना. लढतोय, लढतोय, पब्लिक टाळ्या पिटतंय. हा प्रसंग दोन मुलांना लाकडी पट्ट्या देऊन करायला लावा, घरात दहा-बारा वर्षांची पोरं असतील तर त्यांना हे काम फार आवडतं, फक्त काचेचं कपाट जरा लांब हवं.

मग १८७७. जून महिना, डंडीतल्या पेटन्स लेनमधली मागची खोली, हा उदास बसलाय कारण सुट्टीला हायलँडमध्ये जायला पैसे नाहीत. आणि त्याला आवाज ऐकू येतो, "लिही! लिही!" हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, आणि आयुष्यातली सगळ्यात थक्क करणारी घटना म्हणजे मी कवी आहे हे मला कळलं ती, असंही त्याचंच म्हणणं. पहिली कविता त्याने लिहिली गावातल्या रेव्हरंड जॉर्ज गिलफिलन ह्यांच्यावर. त्यात तो म्हणतो की ह्यांचं भाषण मी पहिल्यांदा किनेर्ड हॉलमध्ये ऐकलं, इटलीतल्या गॅरिबाल्डीच्या चळवळीवर बोलत होते, जमेल तितक्या मोठ्याने बोंबलत. हॉलशी यमक जुळवायला "बॉल", म्हणजे बोंबलणं. स्तुती आहे बरं का ही. गिलफिलन वाचून म्हणाले, "शेक्सपियरने असलं काही कधी लिहिलं नाही." मॅकगोनागलने हे वाक्य शाबासकी म्हणून घेतलं आणि खिशात घातलं.

इथे थांबून एक सांगायला हवं, नाहीतर पाहुण्यांना तो निव्वळ येडा वाटतो. डंडी हे तागाचं गाव, बंगालमधून जहाजं भरून ताग यायचा आणि गिरण्यांमध्ये विणला जायचा. यंत्रमाग आले तसा हातमागावाल्यांचा धंदा बसत गेला. मॅकगोनागल ह्याच लोकांतला, बायको आहे, पोरं आहेत, हातातलं काम सुटत चाललंय. आता ह्या वयात ह्या माणसाने कवी व्हायचं ठरवलं आणि त्यावर पोट भरायचं ठरवलं. कविता छापलेले सुटे कागद तो रस्त्यावर विकायचा. वेडेपणा आहेच, पण माग सोडून दुसरं काय करणार होता, ते मला अजून सुचलेलं नाही.

बॅल्मोरलची पायपीट

ह्या भागात कविता नको. गोष्टच सांगा, आणि घाई करू नका, दहा-बारा मिनिटं द्या.

त्याने व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं की मला आश्रय द्या. तिकडून एका अधिकाऱ्याचं नेहमीचं नकाराचं उत्तर आलं, आभारी आहोत वगैरे. ह्याने "आभारी आहोत" तेवढंच वाचलं. राणीला आपल्या कविता आवडल्यात, आता समोर जाऊन म्हणून दाखवायचं बाकी आहे, असा हिशोब लावून १८७८ च्या जुलैमध्ये हा डंडीहून बॅल्मोरलला, म्हणजे राणीच्या स्कॉटलंडमधल्या राजवाड्याला निघाला, चालत. साधारण साठ मैलांची डोंगरातली वाट. मध्ये ग्लेनशीच्या बाजूला वादळ झालं, विजा, धो धो पाऊस, हा नखशिखांत भिजला, रात्रीला लोकांनी आसरा दिला, आणि तिसऱ्या दिवशी हा राजवाड्याच्या फाटकावर हजर. फाटकावरच्या माणसाला सांगितलं, मी राणीचा कवी. तो म्हणाला, राणीचा कवी टेनिसन आहे, तू नाहीस. ह्याने पत्र काढून दाखवलं. काही उपयोग नाही.

मग त्या माणसाने जरा मजा घ्यायची म्हणून सांगितलं की बरं, म्हणून दाखव इथेच एखादी कविता. आणि इथे मॅकगोनागल काय म्हणाला ते पाहुण्यांना नीट ऐकवा. चार पैशांसाठी उघड्यावर तमाशा करणारा मी भटक्या नव्हे, आत लॉजमधल्या खोलीत न्या, पैसे द्या, मग म्हणतो. तीन दिवस पावसात चालून आलेला, खिशात दमडी नाही, आणि वर हे. त्याला सांगण्यात आलं की परत इकडे फिरकलास तर अटक होईल. आला तसा चालत परत डंडीला.

आमच्याकडे इथे नेहमी एक वाद होतो, हा माणूस भोळा होता की बेरकी. होऊ द्या वाद, पण उत्तर इथे देऊ नका, पुढे सर्कशीची गोष्ट येते तिथपर्यंत थांबा.

पुलाच्या तीन कविता, मैफलीचा मधला भाग

टे नदीवरच्या रेल्वे पुलावर त्याने तीन वेळा लिहिलंय आणि तिन्ही लागोपाठ घ्या. सगळ्या मैफलीत हाच भाग असा आहे की हसता हसता लोक गप्प होतात.

पहिली, पूल नवा नवा असतानाची. पुलाची स्तुती, पूल बांधणारे इंजिनियर टॉमस बाउच ह्यांची नाव घेऊन स्तुती, खांब, कमानी, गर्डर सगळं. आणि त्यात एक प्रार्थना: देव सगळ्या प्रवाशांना रात्रंदिवस सांभाळो, पूल ओलांडताना कोणाला अपघात न होवो, कारण तसं झालं तर डंडी आणि मॅग्डालेन ग्रीनच्या जवळ ते दृश्य फार भयंकर दिसेल. मॅग्डालेन ग्रीन हे नदीकाठचं मैदान, ते तिथे यायचं कारण एवढंच की "सीन"शी "ग्रीन" जुळतं.

पूल सुरू झाला १८७८ च्या जूनमध्ये. २८ डिसेंबर १८७९, रविवार संध्याकाळ, मोठं वादळ, आणि डंडीकडे येणारी गाडी पुलावर असताना मधला उंच भाग कोसळला. गाडीसकट सगळं नदीत. एकही माणूस वाचला नाही. मॅकगोनागल नव्वद म्हणतो, नंतर बरीच वर्षं पंचाहत्तरच्या आसपास धरायचे, आता कागदपत्रं तपासून एकोणसाठ नावं नक्की झाली आहेत. हे सगळं कविता वाचायच्या आधी सांगा, आणि मग दुसरी कविता वाचा.

लोकांना हसू येतंच, आणि मग हसल्याचं वाईट वाटतं. कारण कवितेत दुःख खरं आहे, पण ते सांगायला ह्याच्याकडे शब्दच नाहीत, हातात सापडेल तो शब्द घेऊन तो पुलाला लावतोय. शेवटी तर तो थेट इंजिनियरिंगवर येतो, की दोन्ही बाजूंना नीट टेकू असते तर पूल पडला नसता असं बरेच शहाणे लोक कबूल करतात. "बट्रेसेस"शी जुळवायला "मेन कन्फेसेस". मेन अनेकवचन आणि क्रियापद एकवचनी. इंग्लिशच्या बाईंनी वहीत लाल गोल केला असता. आणि सगळ्यात शेवटी सल्ला, घरं जितकी मजबूत बांधू तितकी मरण्याची शक्यता कमी.

आता गंमत अशी की चौकशीत जे निघालं ते ह्याहून फार वेगळं नव्हतं. पुलाची रचना वाईट, बांधकाम वाईट, देखभाल वाईट, असा ठपका आला, वाऱ्याच्या दाबाचा हिशोबच नीट धरलेला नव्हता. बाउच त्याच वर्षी, १८८० च्या ऑक्टोबरमध्ये वारले. म्हणजे कवितेचा शेवट हास्यास्पद आहे पण चुकीचा नाही. घरात कोणी सिव्हिलवाला असेल तर तो इथून पुढे वीस मिनिटं बोलेल, त्याला चहा द्या.

तिसरी १८८७ च्या नव्या पुलावरची. ह्यात तो नव्या पुलाला शाबासकी देतो की तू वाऱ्याला पुरून उरशील. दोन-तीन कडवी बास, पूर्ण वाचायची गरज नाही. आणि हो, तो दुसरा पूल अजून उभा आहे, अजून गाड्या जातात त्याच्यावरून.

मग जरा हलकं: देवमासा, चंद्र आणि राणी

पुलानंतर लगेच देवमासा. १८८३ च्या डिसेंबरमध्ये टे नदीच्या मुखाशी एक हंपबॅक देवमासा आला, डंडी हे देवमाशांच्या शिकारीचं बंदर, लोकांनी त्याच्यामागे होड्या घातल्या, भाला लागला, तरी तो सुटला आणि पुढे जानेवारीत उत्तरेला स्टोनहेवनच्या बाजूला मेलेला सापडला. जॉन वुड्स नावाच्या व्यापाऱ्याने तो विकत घेऊन डंडीत तिकीट लावून दाखवला. मॅकगोनागलच्या कवितेत तारीख आहे, देवमाशाची लांबी आहे (चाळीस फूट), किंमत आहे (दोनशे सव्वीस पौंड), घेणाऱ्याचं नाव आहे, आणि शेवटी जवळच्या लांबच्या सगळ्यांनी येऊन बघावं असा सल्ला आहे. म्हणजे बातमी अधिक जाहिरात अधिक यमक. ही कविता लहान मुलांना वाचायला द्या, ती मोठ्यांपेक्षा चांगली वाचतात कारण त्यांना ह्यात काही खटकतच नाही. त्या देवमाशाचा सांगाडा डंडीच्या मॅकमॅनस संग्रहालयात आजही टांगलेला आहे, फोटो काढून ठेवा, कविता झाली की फिरवा.

चंद्रावरची कविता कोजागरीला घेतलीत तर सोन्याहून पिवळं. सुंदर चंद्रा, तुझा रुपेरी प्रकाश, इथपर्यंत सगळे कवी येतात. मॅकगोनागल पुढे जातो आणि चंद्राचे उपयोग सांगायला लागतो. कोल्ह्याला तुझ्यामुळे बरं वाटतं, कारण त्याला दिसतं, आणि मग तो गवताच्या गंजीजवळून हंस पळवून नेतो. एस्किमोला तुझ्यामुळे मासा दिसतो, तो त्याला भाला मारतो आणि त्याची चविष्ट डिश करतो. "फिश" आणि "डिश". दूध आटवत बसलेल्या मंडळींना ही वाचून दाखवा, बाकी काही सांगावं लागत नाही.

राणीवरची लहान आहे. १८८२ मध्ये मॅक्लीन नावाच्या माणसाने व्हिक्टोरियावर गोळी झाडली, नेम चुकला. मॅकगोनागल म्हणतो, देवाने गोळी बाजूला वळवली, आणि राणी मेली नाही म्हणून मॅक्लीनला फार राग आला. इतक्या थेट शब्दांत. मला वाटतं खुनी माणसाच्या मनाचा ठाव इतक्या कमी शब्दांत कोणी घेतला नसेल.

हो, आणि सनलाइट साबणावरही त्याने कविता केली आहे, कपडे धुताना नाकावरून घाम गळणार नाही अशी खात्री दिली आहे. वेळ असेल तर नुसती सांगा, वाचू नका.

अंडी, पीठ आणि सर्कस

कोणीतरी हमखास सुचवतं की आपण कवीवर कागदाचे बोळे फेकूया, तसंच व्हायचं ना तिकडे. व्हायचं. डंडीतल्या सर्कशीत ह्याला कविता वाचायला उभा करायचे आणि पब्लिकला मोकळीक, अंडी, पीठ, बटाटे, हेरिंग मासे, शिळा पाव, जे हाताला लागेल ते. एका रात्रीचे पंधरा शिलिंग. शेवटी दंगा इतका वाढला की मॅजिस्ट्रेटांनी हे प्रयोगच बंद केले, आणि मॅकगोनागलने काय करावं, मॅजिस्ट्रेटांच्या विरोधात कविता लिहिली, की नागरिकहो, ह्यांनी माझ्याशी कसं वागलं बघा.

भोळा की बेरकी ह्या वादाचं माझं उत्तर इथे आहे. पिठाने माखून घ्यायला पंधरा शिलिंग मिळत होते आणि विणकामाला काहीच मिळत नव्हतं. त्याला सगळं कळत होतं असं मला वाटतं, निदान पैशाचं गणित तरी नक्की कळत होतं. पण कविता चांगल्या आहेत ह्यावरचा त्याचा विश्वास मात्र कधी ढळला नाही, तो खराच होता. दोन्ही गोष्टी एका माणसात राहू शकतात, आपल्याकडेही असे लोक असतात.

त्यामुळे फेकाफेकी नको. बोळेसुद्धा नकोत. आपण दिवाणखान्यात बसून त्या पब्लिकची नक्कल करायची, हे मला जमत नाही.

दारूचं काय, हा प्रश्नही येतो. मॅकगोनागल दारूचा कट्टर विरोधक, दारूबंदीवर कविता, भाषणं, आणि वाचायला जागा कुठली मिळायची तर पब. पबवाल्यांना साहजिकच हे आवडायचं नाही. त्याने स्वतः लिहिलंय की माझ्यावर वाटाणे फेकणारा पहिला माणूस पबवालाच होता. तर मैफल कोरडी ठेवा, पाहुण्याचा मान म्हणून. कोकम सरबत, ताक, काय हवं ते.

रत्नागिरीचा हत्ती

हा भाग मराठी घरात हुकमी चालतो. १८९३ मध्ये मॅकगोनागल डंडीवर रुसून गाव सोडायची धमकी देत होता, तर एका पेपरने लिहिलं की "डंडी"शी "नाइन्टी थ्री" जुळतं हे लक्षात आलं की हा अजून एक वर्ष थांबेल. तो खरंच थांबला, १८९४ मध्ये पर्थला गेला. तिथे त्याला एक पत्र आलं. ब्रह्मदेशचा राजा थिबा ह्याच्या दरबारातून. दरबार सध्या अंदमानात भरतोय असं त्यात होतं, आणि महाराजांनी आपल्याला पांढऱ्या हत्तीच्या पवित्र पंथाचा सरदार केलं आहे. सोबत चांदीचा हत्ती. कोणीतरी केलेली टिंगल, उघड आहे. मॅकगोनागलने ते मनापासून घेतलं आणि तेव्हापासून तो सही करायला लागला, सर विल्यम टोपाझ मॅकगोनागल, नाइट ऑफ द व्हाइट एलिफंट, बर्मा.

आता थिबा म्हटल्यावर रत्नागिरीच्या माणसाचे कान टवकारलेच पाहिजेत. हाच तो आपला थिबा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला गादीवरून काढलं, १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं, थिबा पॅलेस १९१० मध्ये बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच गेला. म्हणजे पर्थमध्ये एक कफल्लक कवी आपल्याला थिबाने सरदारकी दिली म्हणून मिरवत होता तेव्हा खरा थिबा अंदमानात नव्हे तर कोकणात, इंग्रजांच्या पहाऱ्यात, त्यांच्या तनख्यावर दिवस काढत होता, आणि हत्ती वाटायचं तर सोडाच, त्याला गावाबाहेर जायची मोकळीक नव्हती. ज्याने टिंगल केली त्याला बहुतेक हे माहीतही नसेल.

मैफलीत मान द्यायचा तर ह्या हत्तीचाच द्या. पुठ्ठ्याचा पांढरा हत्ती कापा, दोरा लावा, सगळ्यात गंभीर चेहऱ्याने वाचणाऱ्याच्या गळ्यात घाला. आमच्याकडे हा मान बहुधा आजोबा लोकांनाच मिळतो, त्यांना हसू आवरायची सवय असते.

जेवण

डंडीत त्याच्या नावाने जेवणावळ होते, ती उलटी, आधी गोड आणि शेवटी स्टार्टर. आपल्याकडे हे फार सोपं आहे. आल्या आल्या विडा, मग श्रीखंड, मग ताक-भात, मग पोळी-भाजी आणि निघताना गरम भजी. ज्येष्ठ मंडळी पहिल्यांदा कुरकुरतात, "आधी गोड काय" म्हणतात, आणि भजी आली की गप्प बसतात. डायबेटिसवाल्यांना मात्र आधी विचारून घ्या.

शेवट कुठे करायचा

न्यूयॉर्कला एकदा नशीब काढायला गेला होता १८८७ मध्ये, काही आठवड्यांत हात हलवत परत आला, ते एका वाक्यात सांगा. पर्थहून तो १८९५ मध्ये एडिनबरात गेला, तिथेच २९ सप्टेंबर १९०२ रोजी गेला, जवळ काही नव्हतं, ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत पुरला, कबरीवर नावसुद्धा नाही. पाटी लागली १९९९ मध्ये. २००८ मध्ये त्याच एडिनबरात त्याच्या पस्तीस कवितांचे छापील कागद लिलावात निघाले, बरेच त्याच्या सहीचे, सहा हजार सहाशे पौंडांना गेले. डंडीत नदीकाठच्या फरसबंदीत पुलाच्या कवितेच्या ओळी कोरल्यात, तिकडे कोणाचा मुलगा-सून असेल तर व्हिडिओ कॉल करून दाखवायला सांगा, ह्याला छान वेळ जातो.

पाहुण्यांना स्वतः लिहायला लावायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी. विषय खरा घ्या, आपल्या सोसायटीतला, लिफ्ट बंद पडली, पाण्याची टाकी फुटली, गणपतीत जनरेटर गेला, असं काहीतरी. तारीख टाका, कमिटीतल्या माणसाचं नाव टाका, किती खर्च आला तो आकडा टाका, आणि शेवटी सर्वांना एक सल्ला. विनोद करायचा प्रयत्न करणारा इथे हमखास पडतो. खरंच तळमळीने, पाणी आलं नाही म्हणून चिडून जो लिहितो, तोच जिंकतो.

कविता मिळायला त्रास नाही, कॉपीराइट कधीच संपलाय, नेटवर सगळ्या आहेत, १८९० मध्ये आलेला "पोएटिक जेम्स" हा त्याचा संग्रह शोधलात तरी वरच्या बहुतेक सापडतील. प्रिंट मोठ्या अक्षरात काढा आणि पान आडवं ठेवा. उभ्या पानावर त्याची लांब ओळ मध्येच तुटून खाली जाते, वाचणारा तिथे थांबतो, आणि यमक यायच्या आत श्वास संपतो.